आभाळातून लोंबणारी सोंड

१९९६चा ‘ट्विस्टर’ आपल्याकडे लागला तेव्हा एका साप्ताहिकासाठी मी त्याचे परीक्षण लिहिले होते. ते कात्रण मध्यंतरी कपाट आवरताना हाती आले. कथा बेतीव आहे, पात्रे ठोकळेबाज आहेत, असे नेहमीचे मुद्दे मांडून झाल्यावर शेवटच्या परिच्छेदात मी म्हटले होते की, टोर्नाडो मात्र पडद्यावर हुबेहूब उतरला आहे. ‘हुबेहूब’ या शब्दापाशी मी या वेळी अडलो. मी तोवर टोर्नाडो पाहिलेला नव्हता. आजही पाहिलेला नाही. मग पडद्यावरचा टोर्नाडो मी कोणत्या मूळ प्रतीशी ताडून पाहिला होता?

याचे प्रामाणिक उत्तर असे, की दुसऱ्या एका सिनेमाशी. फिल्म सोसायटीच्या एका खेळात पाहिलेल्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधली ती करडी, डुलणारी, आभाळातून लोंबणारी सोंड माझ्या डोक्यात पक्की बसली होती. ‘ट्विस्टर’ तिच्याशी जुळला, म्हणून मला तो खरा वाटला. एका चित्राच्या खरेपणाची साक्ष मी दुसऱ्या चित्राकडून घेतली होती.

समीक्षकाच्या हातून अशा चुका होतच असतात. पण या एका चुकीच्या निमित्ताने मी गेली दोन-तीन वर्षे टोर्नाडोविषयी जमेल तसे वाचत आहे, आणि ते वाचताना लक्षात आले की प्रश्न माझ्या परीक्षणापुरता नाही. हवामानशास्त्रात ज्यांना ‘असाधारण’ किंवा ‘वेगळे’ टोर्नाडो म्हणतात, त्यांची यादी पाहिली तर त्यांतले बरेचसे निसर्गाच्या दृष्टीने मुळीच असाधारण नाहीत. ते आपल्या डोळ्यांतल्या सोंडेशी जुळत नाहीत, इतकेच. आणि ही विजोड केवळ सौंदर्यशास्त्राची बाब राहत नाही. तिच्यापायी माणसे धोका ओळखण्यात कमी पडतात.

कापडाची सोंड

आधी त्या मूळ सोंडेविषयी. १९३९च्या सिनेमात टोर्नाडो उभा करण्याचे काम आर्नल्ड गिलेस्पी या विशेष दृश्यांच्या तंत्रज्ञाकडे होते. रबराचा शंकू करून पाहिला, तो जमला नाही. मग विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीवरून त्याला कल्पना सुचली. सुमारे ३५ फूट लांबीचा मलमलीचा निमुळता मोजा शिवून घेतला, त्याचे वरचे टोक स्टुडिओच्या छताखालच्या सरकत्या यारीला टांगले आणि खालचे टोक जमिनीवरून नागमोडी फिरवले. भोवती बारीक मातीची धूळ उडवली. परिणाम इतका प्रभावी झाला की आज पाऊणशे वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही ते दृश्य जुने वाटत नाही. पण त्या टोर्नाडोची बांधणी एका गोष्टीने ठरली होती: तो वरून टांगलेला होता.

आता ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, ती उघडून पाहू. एल. फ्रँक बॉमची ही बालकादंबरी १९००ची. तिच्या पहिल्या प्रकरणात वादळ येते, पण त्या वर्णनात सोंड नाही. उत्तरेकडून वाऱ्याचा खोल आवाज येतो, लांब गवत लाटांसारखे वाकते. मग दक्षिणेकडून शीळ ऐकू येते. दोन वारे डोरोथीच्या घरापाशी येऊन एकमेकांना भिडतात, घर त्या भोवऱ्याच्या मधोमध सापडते, दोन-तीन गिरक्या घेते आणि फुग्यासारखे सावकाश वर उचलले जाते. सगळी क्रिया जमिनीवर सुरू होते आणि वर जाते. आभाळातून काहीही उतरत नाही.

बॉमला हवामानशास्त्र अवगत होते असे मी म्हणणार नाही. मात्र १८८८ ते १८९१ या काळात तो डाकोटातल्या अबर्डीन गावी राहिला होता. गवताळ मैदानांवरचे वारे त्याच्या माहितीचे होते. त्याने केलेली मांडणी परीकथेची आहे. तरीही टोर्नाडोच्या एका विशिष्ट जातीचे इतके जवळचे चित्र त्या परिच्छेदात आहे की मी तो दोनदा वाचला. सिनेमाने ते चित्र उलटे केले. पुढच्या सगळ्या सिनेमांनी, जाहिरातींनी आणि माझ्यासारख्या परीक्षकांनी ते उलटेच स्वीकारले.

खाली येते ते काय

पाठ्यपुस्तकातला टोर्नाडो सुपरसेल नावाच्या महाकाय गडगडाटी ढगातून येतो. जमिनीलगत वारा एका दिशेने व मंद, वर गेल्यावर दुसऱ्या दिशेने व वेगवान असला की मधली हवा लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. ढगात चढणारा ऊर्ध्व प्रवाह या आडव्या लाटण्याला उभे करतो आणि ढगाच्या पोटात काही किलोमीटर रुंदीचा स्तंभ संथपणे फिरू लागतो. एवढ्याने टोर्नाडो होत नाही. बहुतेक सुपरसेल टोर्नाडो न देताच विरून जातात. ढगाच्या मागच्या अंगाने खाली येणाऱ्या थंड हवेच्या झोताशी जमिनीलगत जे भोवरे तयार होतात, ते वरच्या प्रवाहाखाली सापडून ताणले गेले, तर टोर्नाडो होतो. कथ्थकची गिरकी पाहणाऱ्यांना ठाऊक असते, की पसरलेले हात जवळ घेतले की गिरकीचा वेग वाढतो. ताणला गेलेला भोवरा बारीक होतो आणि वेग घेतो, तो याच नियमाने.

मग सोंड उतरताना दिसते ती का? भोवऱ्याच्या गाभ्यात हवेचा दाब कमी असतो. आत शिरणारी हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. ढगाच्या तळाशी हवा आधीच संपृक्ततेच्या काठावर असते, म्हणून थेंब तिथे प्रथम दिसतात. दाब आणखी घटला की त्याखालच्या थरातही दिसतात. आपल्याला वाटते, काहीतरी खाली येत आहे. खाली येते ते फक्त दिसणे. भोवरा कित्येकदा अगोदरच जमिनीवर फिरत असतो.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. जॅना हाउसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिजलद फिरणाऱ्या रडारच्या नोंदी वापरून चार टोर्नाडोंचा जन्म तपासला आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. त्या चारांपैकी एकाही टोर्नाडोचे फिरणे वरून सुरू होऊन खाली आले नव्हते. जुन्या रडारनोंदींत वरून खाली येणारे टोर्नाडो आहेत, त्यामुळे वाद मिटला असे म्हणता येत नाही. पण ती रडारयंत्रे जमिनीलगतचे शेवटचे काही मीटर फारसे पाहू शकत नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. गोष्ट जिथे सुरू होते तिथेच बघणारा डोळा नव्हता.

जमिनीतून आणि पाण्यातून

‘असाधारण’ टोर्नाडोंतला पहिला म्हणजे लँडस्पाउट. हा शब्द हॉवर्ड ब्लूस्टीन यांनी १९८५ साली रूढ केला. याला सुपरसेल लागत नाही. दोन वेगळ्या दिशांचे वारे जमिनीवर एका रेषेत भिडतात, त्या रेषेवर छोटे उभे भोवरे तयार होतात, आणि वर वाढू लागलेल्या साध्याशा ढगाचा ऊर्ध्व प्रवाह नेमका एखाद्या भोवऱ्याच्या डोक्यावर आला तर तो त्याला वर खेचतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या परिसरात, डोंगररांगांच्या रचनेमुळे, असे वारे वारंवार भिडतात. बॉमच्या परिच्छेदाशी जुळणारी जात ती हीच. तो सहसा सुपरसेलच्या टोर्नाडोपेक्षा दुबळा असतो. पण ढगात आधी काहीच फिरत नसल्यामुळे दूरच्या रडारला त्याची चाहूल लागत नाही. इशारा मिळायचा तो बहुधा पाहणाऱ्या माणसाकडूनच.

दुसरा वॉटरस्पाउट. ‘ट्विस्टर’मध्ये तलावाकाठच्या रस्त्यावर पाण्याच्या सोंडा नायक-नायिकेच्या गाडीभोवती फेर धरतात आणि ती सुप्रसिद्ध गाय हंबरत उडत जाते. प्रेक्षागृहात हशा पिकला होता. मीही हसलो होतो. सिनेमातल्या त्या सोंडा म्हणजे पाण्यावर उतरलेले वादळच आहे. पण समुद्रावरच्या बहुसंख्य वॉटरस्पाउटना वादळाची गरज नसते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांभोवती दरवर्षी शेकड्यांनी होणारे वॉटरस्पाउट साध्या पांढऱ्या ढगांखाली, बऱ्या हवेत होतात. जोसेफ गोल्डन यांनी १९७०च्या सुमारास विमानातून त्यांचा पाठपुरावा करून त्यांच्या आयुष्याच्या पाच अवस्था लावल्या. त्यांतली पहिली अवस्था मला या सगळ्या अभ्यासातली सर्वात बोलकी गोष्ट वाटते. सोंड दिसण्याच्या अगोदर समुद्राच्या पृष्ठावर एक काळसर गोल डाग उमटतो. वर डोळे लावून बसलेल्या माणसाला तो दिसणार नाही. त्यानंतर डागाभोवती सर्पिल पट्टे येतात, मग तुषारांचे कडे उठते, आणि मग कुठे ती पूर्ण सोंड.

तिसरा गस्टनाडो. गडगडाटी ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते तेव्हा तिच्या पुढच्या कडेवर हे भोवरे उठतात. यांचा वरच्या ढगाशी संबंधच नसतो, म्हणून अमेरिकी हवामान सेवा यांना टोर्नाडोंत मोजत नाही. धुळीचा हा खांब दुरून पाहणाऱ्याला टोर्नाडोच वाटतो. म्हणजे सोंडेच्या व्याख्येने पाहू गेलो तर खरा टोर्नाडो सुटतो आणि टोर्नाडो नसलेला हाती लागतो.

एकवचनाची सवय

सिनेमाला खलनायक एकच लागतो. ‘ट्विस्टर’मध्ये सर्वात मोठ्या टोर्नाडोला देवाचे बोट म्हटले आहे. बोट म्हटले की हात आला, हेतू आला, नेम आला. प्रत्यक्षात मात्र टोर्नाडो कित्येकदा अनेकवचनी असतो.

तेत्सुया फुजिता हे या क्षेत्रातले थोर वाचक. ‘वाचक’ हा शब्द मी जाणून वापरतो, कारण त्यांनी बहुतेक काम वारा पाहून केले नाही, वाऱ्याने मागे ठेवलेल्या खुणा वाचून केले. १९४५ साली नागासाकी आणि हिरोशिमातल्या विध्वंसाच्या खुणा त्यांनी तरुणपणी तपासल्या होत्या. पुढे अमेरिकेत विमानातून शेतांवरच्या खुणा पाहताना त्यांना वळशावळशांच्या रेषा दिसल्या आणि त्यांवरून त्यांनी ओळखले की मोठ्या भोवऱ्याच्या आत अनेक छोटे भोवरे प्रदक्षिणा घालत असतात. एक घर भुईसपाट आणि शेजारचे शाबूत, या ज्या गोष्टीला लोक दैव म्हणत, तिचे बरेचसे स्पष्टीकरण या पोटभोवऱ्यांत होते.

३ जून १९८०च्या रात्री नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड शहर-परिसरात सात टोर्नाडो झाले. त्यांपैकी तीन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या नेहमीच्या रीतीच्या उलट फिरत होते. या घटनेवर आधारलेली आयव्ही रकमन यांची किशोरकादंबरी ‘नाइट ऑफ द ट्विस्टर्स’ १९८४ साली आली. ती महान साहित्यकृती नव्हे. पण एक गोष्ट तिने हॉलिवुडच्या आधी साधली: तिचे शीर्षकच अनेकवचनी आहे. तिथे संकट एकदा येऊन जात नाही, पुनःपुन्हा येते, आणि त्यात नायकाला हरवण्यासाठी कोणी शत्रू नसतो. लहान भावाला सांभाळून तळघरात तग धरणे एवढेच त्या मुलाच्या हाती असते.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ जे झाले ते याच्याही पुढचे. हा नोंदीतला सर्वात रुंद टोर्नाडो, सुमारे ४.२ किलोमीटर. एवढ्या रुंदीला सोंड म्हणता येत नाही. पावसाच्या पडद्यात गुंडाळलेला तो काळोखाचा पट्टा होता, त्याच्या आत अनेक पोटभोवरे होते आणि बाजूला एक उलटा फिरणारा सोबतीही. अनेक लोकांनी घरे सोडून गाड्या बाहेर काढल्या आणि महामार्ग तुंबले. त्या दिवशी टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे मृत्युमुखी पडले. आतल्या एका वेगवान पोटभोवऱ्याने त्यांची गाडी गाठली. समारास हौशी धाडसी नव्हते. २००३ साली साउथ डाकोटातल्या मँचेस्टर गावी त्यांनी वाटेत ठेवलेल्या उपकरणाने टोर्नाडोच्या आतला दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद केली होती. सोंडेच्या चित्राने त्यांना फसवले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. मी उलट विचारतो: ज्याला टोर्नाडो आतून माहीत होता, त्यालाही जे आकाराने ओळखता आले नाही, ते सिनेमावर पोसलेल्या नजरेला कसे ओळखता यावे?

पुढची नोंदही विचार करण्यासारखी आहे. रडारने मोजलेले वारे सर्वोच्च श्रेणीचे होते, पण टोर्नाडो बहुतांशी मोकळ्या शेतांवरून गेला. अधिकृत श्रेणी झालेल्या नुकसानीवरून ठरते, म्हणून ती शेवटी तिसरीच राहिली. मोडायला काही नव्हते, म्हणून खूण नव्हती. खूण नव्हती, म्हणून वाचन नव्हते.

पेटलेला आणि आगीतून जन्मलेला

२०२४च्या ‘ट्विस्टर्स’ने याच गावाचे नाव घेतले. त्यात टोर्नाडो तेलशुद्धीकरण कारखान्यावरून जातो, पेट घेतो आणि पुढे एल रेनोवर येतो. नायिका रसायने घेऊन त्याच्या पोटात शिरते आणि त्याला विझवते. दृश्य जबरदस्त आहे. तरीही दोन गोष्टी मला खटकल्या. एक तर, ज्या नावामागे तिघा अभ्यासकांचा मृत्यू आहे, तिथे टोर्नाडोला इतक्या सहज हरवणे मला रुचले नाही. दुसरे, सिनेमाने अग्नी आणि टोर्नाडो यांचे नाते पुन्हा उलटे केले. तिथे टोर्नाडो आधी, आग नंतर. आग म्हणजे सोंडेला दिलेला रंग.

२६ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियात रेडिंग शहराच्या कडेला जे घडले त्यात आग आधी होती. कार नावाच्या वणव्याचा धुराचा लोट थोड्या वेळात सुमारे ६ किलोमीटरवरून १२ किलोमीटर उंचीवर गेला, आणि वणव्याने स्वतःचा गडगडाटी ढग तयार केला. या ढगाच्या ओढीने जमिनीलगतचे फिरणे ताणले गेले. लँडस्पाउटचीच रीत, फक्त ऊर्ध्व प्रवाह आगीचा. वारे ताशी सुमारे २३० किलोमीटरपर्यंत पोचले, विजेचे पोलादी मनोरे आडवे झाले, आणि लोकांना बाहेर काढण्याच्या कामावर असलेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा जीव गेला. नील लॅरो आणि सहकाऱ्यांनी यावर जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे: हा आगीतून टोर्नाडो जन्मल्याचा प्रकार आहे काय? अभ्यासकांनी नाव देताना ठेवलेला तो संकोच मला सिनेमाच्या सगळ्या गर्जनेपेक्षा मोलाचा वाटतो.

आगीचे भोवरे नवे नाहीत. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतर टोकियोत होंजो भागातल्या मोकळ्या जागेत आश्रय घेतलेले सुमारे ३८ हजार लोक अशाच भोवऱ्यात मेले. नवे आहे ते नाव आणि नावामागून येणारा इशारा. १५ ऑगस्ट २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉयल्टनच्या वणव्यासाठी रेनोच्या हवामान कार्यालयाने, अशा आगजन्य भोवऱ्यासाठीचा म्हणून ज्ञात असलेला पहिला टोर्नाडो-इशारा दिला. रेडिंगची घटना आधी समजून घेतली गेली नसती, तर रडारवरच्या त्या खुणेला टोर्नाडो म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले असते?

आपला शब्द

शब्दांचा आणि जिवांचा संबंध अमेरिकेनेही उशिराच ओळखला. लोक घाबरतील म्हणून तिथल्या हवामान खात्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशके अंदाजांत ‘टोर्नाडो’ हा शब्द टाळला. १८ मार्च १९२५ रोजी तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नाडोने ६९५ माणसे मारली. त्यांना कोणताही इशारा मिळाला नव्हता. पहिला यशस्वी अंदाज २५ मार्च १९४८चा, तोही ओक्लाहोमाच्या हवाई तळावरच्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केलेला.

आपल्याकडे शब्द टाळलेला नाही, पण सरमिसळ केलेली आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२०ला आलेले ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ, आणि ओक्लाहोमातल्या टोर्नाडोच्या बातमीच्या मथळ्यातही चक्रीवादळ. एकाचा पसारा शेकडो किलोमीटर आणि आयुष्य दिवसांचे. दुसऱ्याचा पसारा बहुधा काहीशे मीटर आणि आयुष्य मिनिटांचे. पहिल्यासाठी गावे रिकामी करता येतात, दुसऱ्यात घरातली सर्वात आतली, सर्वात खालची खोली गाठावी लागते. बॉमनेही त्या काळच्या बोलीप्रमाणे ‘सायक्लोन’ म्हटले होते, त्यामुळे अनुवादकाला दोष देता येत नाही. बातमीदाराला आणि उपशीर्षके लिहिणाऱ्याला मात्र देता येतो. हा प्रश्न केवळ अमेरिकेचा असता तरी एक वेळ चालले असते. पण नोंदीतला सर्वात प्राणघातक टोर्नाडो आपल्याच उपखंडातला आहे: २६ एप्रिल १९८९, बांगलादेशातला दौलतपूर-साटुरिया भाग, सुमारे १,३०० मृत्यू. या टोर्नाडोची सोंड जगाच्या स्मरणात नाही.

मराठीत एक शब्द मात्र आहे: वावटळ. उन्हाळ्यात तापलेल्या माळावर पाचोळा गोळा करत उठणारी. तिला ढग नसतो, ती टोर्नाडो नव्हे, आणि तिच्यासाठी तो शब्द वापरावा असे मी सुचवत नाही. पण ती उठते. मराठीत वावटळ उतरल्याचे कोणी म्हणत नाही. माझी आजी वावटळ दिसली की आम्हाला अंगणात बोलवायची आणि म्हणायची, पायाखाली बघा, पाचोळा कुठं हलतो ते. तिला भुताची भीती होती, आम्हाला गंमत वाटायची. फ्लोरिडाच्या समुद्रावरच्या काळ्या डागाविषयी वाचताना मला तिचे ते वाक्य आठवले.

कलाकृतीने विज्ञानाची परीक्षा द्यावी असे माझे म्हणणे नाही. मलमलीच्या त्या मोज्यावर माझे आजही प्रेम आहे. पण ‘हुबेहूब’ हे प्रशस्तिपत्र देण्यापूर्वी मूळ प्रत कोणती, एवढे समीक्षकाने स्वतःला विचारायला हवे. जुन्या कात्रणातल्या त्या वाक्यावर मी पेन्सिलीने काट मारली आहे. त्याच्या जागी समासात लिहिले आहे: टोर्नाडो परिणामकारक, परंतु कॅमेरा सारखा वर पाहतो.